पुरावा सैनिकाकडे मागू नका!

माजी सैनिक, वीरपत्नी आणि गावकरी बंधू-भगिनींनो,

१९८४ पासून आपले जवान सियाचीन हिमनदीवर पाय रोवून आहेत. तिथे तंबूत रॉकेलचा स्टोव्ह पेटवल्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नाही, कारण आधी बर्फ वितळवावा लागतो. बाहेर हिमवादळ असले की तंबूचे तोंड बंद. मग रात्रभर काजळी छातीत जाते आणि सकाळी काळी थुंकी पडते. तिथे राहून आलेल्या कुणालाही विचारा!

हाच जवान ऐन उमेदीत पेन्शनवर येतो. काही वर्षांनी शेताचा बांध चढताना त्याला धाप लागते. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "विडी ओढता का?" नोकरी कुठे केली, हे कुणी विचारत नाही. एक्स-रे चांगला निघतो आणि त्याला घरी पाठवले जाते.

एक्स-रे चांगला म्हणजे फुप्फुस चांगले, हा समज घातक आहे. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या, दम लागणाऱ्या ४९ अमेरिकी सैनिकांच्या फुप्फुसांचे तुकडे काढून तपासले गेले. २०११ साली निष्कर्ष छापून आले. ३८ जणांच्या सूक्ष्म श्वासनलिका आकसल्या होत्या. त्या ३८ही जणांचे एक्स-रे निर्दोष होते! त्यांतले अनेक जण २००३ मध्ये मोसुलजवळ पेटलेल्या गंधकाच्या धुरात राबले होते.

इराक-अफगाणिस्तानातल्या अमेरिकी छावण्यांत प्लास्टिक, बॅटऱ्या, दवाखान्यातला कचरा उघड्या खड्ड्यांत जाळत. तिथून परतलेले माजी सैनिक वर्षानुवर्षे भांडले, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. ठरलेल्या भागात सेवा झाली आणि यादीतला आजार जडला, की तो सेवेमुळेच झाला असे धरले जाते.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात बजावले, की भरतीवेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, त्यामुळे जवानाला सेवेतून कमी केले, तर तो आजार सेवेमुळे जडला असेच मानावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील. पण फुप्फुसाचे दुखणे पुष्कळदा घरी आल्यावर डोके वर काढते. मग त्याचे मूळ सेवेत होते, हे वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध व्हावे लागते. पंधरा वर्षांपूर्वीच्या तंबूतल्या धुराचा पुरावा या माणसाने आणायचा कुठून? तिथे त्याला सरकारनेच पाठवले होते. जबाबदारीही सरकारचीच!

म्हणून आमच्या मागण्या :

१. निवृत्तीच्या वेळी प्रत्येक जवानाची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) करा. हिमनदी, वाळवंट, धुराच्या जागी राहिलेल्यांची पुढेही ठरावीक काळाने करा.
२. कोण, कुठे, किती काळ, कशाच्या धुरा-धुळीत होता, याची नोंद सेवापुस्तकात ठेवा.
३. अशा सेवेनंतर जडलेला फुप्फुसाचा जुनाट आजार सेवेमुळेच झाला, असे कायद्यानेच मान्य करा.

माजी सैनिकांनो, धाप लागत असेल तर वयावर ढकलू नका. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात जा, कुठे कुठे पोस्टिंग झाले ते सांगा, ते केसपेपरवर लिहून घ्या आणि स्पायरोमेट्री मागा. विडी-सिगारेट असेल तर आजच सोडा. डिस्चार्ज बुक आणि जुने वैद्यकीय कागद जपा.

गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत या तीन मागण्यांचा ठराव करा. तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि आपल्या खासदाराला पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका!

आपले,
गावातील माजी सैनिक व त्यांची कुटुंबे

(वाचा आणि पुढच्या घरी द्या.)