फरक काडीचाच!

डेन्व्हरच्या एका आयटी कंपनीत असलेला माझा कॉलेजमित्र सांगत होता, सप्टेंबर उजाडला की टीममधली दोन टाळकी हमखास गायब. आजारपण नाही, लग्न नाही, दुसरीकडे इंटरव्ह्यूही नाही. स्वारी रॉकी पर्वतात, एल्कच्या मागे! एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर तीनशे किलोच्या घरात सहज जातो. आणि त्याच्या मागे हे लोक बंदूक नाही, धनुष्यबाण घेऊन जातात. कोलोरॅडोत सप्टेंबर हा धनुष्यवाल्यांचा सीझन. लायसन्स काढायचं, नियम पाळायचे आणि शिकार मिळाली तर मांस फ्रीझरमध्ये भरायचं. यंदा मित्रालाही आमंत्रण आलंय. दुकानात जाऊन आला आणि त्याचा मेल : 'यार, धनुष्य ठरलं. बाण कुठला घेऊ?'

शिकारीचा हा फंडाच ज्यांना पटत नाही, त्यांनी खुशाल पान उलटावं. मलाही तो पूर्ण पचलेला नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या शौकावर पडदा पाडला, ते झालं ते बरंच झालं. पण तिथे तो कायदेशीर आहे. आणि जायचंच ठरलं, तर जनावराचे हाल होऊ नयेत एवढं तरी आपल्या हातात असतं ना? त्यातलं बरंचसं ठरतं बाणाच्या काडीवर. तिकडे तिला शाफ्ट म्हणतात.

कारण बंदुकीची गोळी फोडते, बाण कापतो. त्याच्या टोकाला ब्रॉडहेड असतं, म्हणजे वस्तऱ्यासारखी धारदार पाती. ती दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली, तर एल्क थोडं अंतर धावतो आणि काही सेकंदांत कोसळतो. तोच बाण हाडावर अडला किंवा अर्ध्यात थांबला, तर एल्क जखम घेऊन डोंगरापलीकडे निघून जातो. शिकारी अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधतो, ते सापडत नाहीत, आणि सोमवारी तो ऑफिसला येतो. एल्कचं पुढे काय झालं ते एल्कलाच ठाऊक.

सगळ्यात जुना पर्याय अर्थातच लाकूड. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये याही जमातीतला एकटा उरलेला माणूस जंगलातून बाहेर आला. लोक त्याला इशी म्हणायचे. सॅक्स्टन पोप नावाचा सर्जन त्याच्याकडून धनुष्यबाणाची शिकार शिकला आणि १९२३ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. आजच्या अमेरिकन हौशी शिकाऱ्यांची परंपरा बरीचशी तिथे जाऊन पोचते. इशी हेझलच्या सरळ फांद्यांचे बाण करायचा. पुढे लाडकं लाकूड ठरलं ते ओरेगॉनकडचं पोर्ट ऑर्फर्ड सीडर. हलकं, सरळ रेषांचं आणि सुगंधी! बिचाऱ्या त्या झाडांना आता मुळं कुजवणाऱ्या रोगाने गाठलंय. लाकडात दोन काड्या कधी अगदी सारख्या नसतात आणि ओलावा लागला की त्या वाकतात. पारंपरिक धनुष्यावर ठीक आहे, पण चाकं बसवलेल्या आधुनिक कंपाउंड धनुष्यावर लाकडी बाण लावायचाच नाही. त्या झटक्याने काडी चिरली तर थेट हातात घुसेल.

मग आलं ॲल्युमिनियम. डग ईस्टन या कॅलिफोर्नियातल्या बाण बनवणाऱ्याने १९३९ मध्ये पहिला ॲल्युमिनियमचा बाण केला, आणि एकसारख्या काड्यांचा प्रश्न सुटला. यांच्यावरचे आकडे वाचायला सोपे असतात. '२२१९' लिहिलंय? बाहेरचा व्यास इंचाच्या चौसष्ट भागांपैकी २२, नळीची जाडी इंचाच्या हजार भागांपैकी १९. भरपूर वजन, खिशाला परवडणारं. दुखणं एकच, ॲल्युमिनियम वाकतं. दगडाला घासलेला बाण दिसायला सरळ आणि उडायला तिरका!

आणि सध्याचा हीरो, कार्बन. एकतर सरळ, नाहीतर तुटलेला. मधलं काही नाही. वजनाला हलका, म्हणून वेगवान. मित्राला दुकानदाराने तोच दाखवला, 'सगळ्यात फास्ट' म्हणून. गोची नेमकी इथेच आहे.

साधा हिशेब बघा. एकाच धनुष्यातून ४०० ग्रेनचा, म्हणजे जेमतेम २६ ग्रॅमचा बाण समजा सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटतो. ६५० ग्रेनचा, म्हणजे ४२ ग्रॅमचा बाण साधारण ६९ मीटरने सुटेल. वेगात हलका जिंकला. पण वजन गुणिले वेग केलं, तर जड बाणाचा रेटा तीस टक्क्यांनी जास्त! हाडासमोर हा रेटाच कामाला येतो. एड ॲश्बी या अमेरिकन शिकाऱ्याने वर्षानुवर्षं मोठ्या जनावरांवर बाण तपासले आणि जाड हाड भेदायचं तर ६५० ग्रेनच्या आसपासचा बाण हवा, असं मांडलं. यावर शिकाऱ्यांमध्ये कडाक्याची भांडणं आहेत. जड बाण लवकर खाली येतो, अंतराचा अंदाज चुकला तर नेम गेलाच, हा विरोधकांचा मुद्दा खोटा नाही. पण मग जवळ जा ना! वीस-पंचवीस मीटरवर तो फरक सांभाळता येतो. माझं मत जडाच्या बाजूने. कार्बन घ्यायचा तर जाड भिंतीचा, बारीक व्यासाचा, पुढच्या टोकाला वजन असलेला. वेगाची हौस हायवेवर भागवावी, आणि तिथेही जपून.

जगज्जेते झालेले आपले तिरंदाजही कार्बनच वापरतात, मग? साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले. पण त्यांच्यासमोर ५० मीटरवर कागद असतो. कागदाला खांद्याचं हाड नसतं. त्यांचा बाण शिकाऱ्याने उचलणं म्हणजे मॅरेथॉनचे बूट घालून ट्रेकला जाणं.

काडीचा कडकपणा, म्हणजे स्पाइन, हे आणखी एक प्रकरण. बाण सुटताना चक्क माशासारखा वळवळतो. २८ इंचांवर टेकवलेल्या काडीच्या मध्यावर ८८० ग्रॅम टांगले आणि ती इंचाचे ३४० हजारांश वाकली, तर स्पाइन ३४०. आकडा लहान, काडी कडक. जड टोक लावलं की काडी नरम वागते, म्हणून आधीपेक्षा कडक घ्यावी लागते. नाहीतर ब्रॉडहेड भलतीकडे जातं. सरळपणाच्या ग्रेडवर मात्र जादा पैसे घालवू नका. इंचाच्या तीन हजारांशाने सरळ असलेली काडी आणि एक हजारांशाने सरळ असलेली काडी, यांतल्या फरकापेक्षा एल्क समोर दिसल्यावर तुमच्या हाताची थरथर कितीतरी मोठी असणार!

पैसे वाचतील ते सरावाच्या बाणांवर घाला. आणि कार्बनचा प्रत्येक बाण, दरवेळी सोडण्याआधी, दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवायचा आणि कान द्यायचा. करकर ऐकू आली की तो बाण बाद, दिसायला कितीही नवा असो. तडा गेलेली काडी सुटतानाच फुटते आणि तिच्या सुया तळव्यात घुसतात. बाण जनावराच्या अंगात मोडला, तर जखमेभोवतीचं मांस कापून टाकून द्यायचं. कार्बनचे धागे शिजत नाहीत.