क्वांटमच्या नावाखाली

बाह्यरुग्ण विभागात हल्ली अधूनमधून एक रंगीत अहवाल समोर येतो. हातात धातूची दांडी धरायची. मिनिटभरात यकृत, मूत्रपिंड, हाडे, सगळ्यांची अवस्था 'क्वांटम' यंत्र सांगते म्हणे. बाजाराच्या दिवशी शिबिर लागते, सोबत पावडरचे डबे विकले जातात. सिकलसेलच्या एका मुलाच्या आईने असाच अहवाल पुढे केला. "रिपोट त चांगला आला होता जी." रक्त शुद्ध असल्याचे त्यात छापले होते, म्हणून हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. मुलगा छातीतल्या दुखण्याने धापा टाकत होता.

तेव्हा क्वांटम म्हणजे काय, हे सांगणे आता डॉक्टरचेही काम झाले आहे.

१९०० साली बर्लिनमध्ये माक्स प्लांक तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचे गणित सोडवत होते. ऊर्जा सलग धारेने नव्हे, तर ठरावीक मापाच्या पुंजांनी दिली-घेतली जाते, असे मानले तरच ते जुळत होते. आपल्याकडे तेंदूच्या फळीवर पुडे मोजतात. अर्धा पुडा हिशेबात धरत नाहीत, तसेच काहीसे. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाश स्वतःच अशा पुंजांचा असतो, असे मांडले. लाल प्रकाशाचा पुंज लहान, निळ्याचा मोठा. (पुड्यांची उपमा इथे संपते.) पुढे कळले की अणूतल्या इलेक्ट्रॉनलाही ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच असतात, मधली जागा नाही. वरच्या पायरीवरून तो खाली आला की त्या अंतराएवढाच पुंज बाहेर पडतो.

यावर चालणारे यंत्र करोनाकाळात अनेकांनी बोटाला लावले आहे: पल्स ऑक्सिमीटर. त्यातल्या दोन एलईडींपैकी एक ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, दुसरा साधारण ९४० चा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश अधिक जाऊ देते, नसलेले तो अडवते; अवरक्ताचे उलट. बोटापलीकडचा संवेदक आलेल्या पुंजांचे विजेत रूपांतर करतो आणि दोन्हींच्या प्रमाणावरून आकडा येतो. काळ्या त्वचेवर हा आकडा कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त येतो, हेही तपासून माहीत झाले आहे. चूक कुठे होते ते सांगता येणे, ही खऱ्या यंत्राची खूण मी मानतो.

दांडीच्या यंत्रात यातले काही नाही. तळहातावरच्या विजेच्या स्पर्शातून हिमोग्लोबिनचा प्रकार कळत नाही. त्याला रक्तच लागते: आधी काही थेंबांची सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. ग्रामपंचायतींनी समाजमंदिर शिबिराला देताना निदान करणाऱ्याचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक मागावा. एवढ्यानेच बरीच शिबिरे लागणार नाहीत.

मुलगा आठ दिवसांनी घरी गेला, गोळ्या पुन्हा सुरू करून. तो अहवाल आईने लॅमिनेट करून घेतला होता. त्याचे पैसे वेगळे घेतले होते.