‘रिसर्च सेंटर’ची पाटी आणि पत्ता

यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या रस्त्यांवर फेरफटका मारला की ‘हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर’ अशा पाट्या दिसतात. तिथे उपचार चांगले मिळतही असतील, पण पाटीवरच्या ‘रिसर्च’ला काही आधार आहे का, हे कुणी विचारत नाही. मोबाइलवर शोधले तरी आधी अशाच पाट्या समोर येण्याची शक्यता अधिक, कारण तिथे संस्था नावावरून सापडते, कामावरून नव्हे.

याचा फटका कुणाला बसतो? झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी भागातल्या कोलाम आणि गोंड कुटुंबांचा विचार करा. सिकलसेल इथे घराघरात माहीत असलेला आजार आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भातच निदान करायचे तर साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा सूक्ष्म नमुना तपासता येतो. म्हणजे हाताशी वेळ मोजकाच असतो. पोडावरच्या बाईला पहिल्या तपासणीतच योग्य पत्ता मिळाला नाही, तर पुढचे सगळे आठवडे विचारपूस करण्यातच जातात.

पत्ता फार दूरचा आहे असेही नाही. रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था मुंबईत परळला आहे, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या याच संस्थेचे हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचे केंद्र शेजारच्या चंद्रपुरात आहे. वणीच्या माणसाला यवतमाळपेक्षा चंद्रपूर जवळ पडते. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालयही आवाक्यात आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. तपासणीत ‘वाहक’ निघालेल्या माणसाने पुढे कुठे जायचे, हे मात्र त्याला कुणीतरी सांगावे लागते.

याद्या नाहीत असे नाही. औषधांच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, २००७ पासून खुली आहे आणि १५ जून २००९ पासून नवी चाचणी तिथे नोंदवणे बंधनकारक आहे. चाचणी कुठे चालली आहे, जबाबदार संशोधक कोण, नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, हे सारे तिथे कुणालाही फुकट पाहता येते. ‘नवीन औषध आहे, सही करा’ असे कुणी म्हटले, तर नोंदणी क्रमांक मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. अडचण एवढीच की ही नोंदवही इंग्रजीत आहे आणि संशोधकांच्या भाषेत आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या नोंदणीत दवाखाने, प्रयोगशाळा आहेत. पण सिकलसेलच्या वाहकाला नेमके कुठे पाठवायचे, हे त्यावरून आशाताईंना कळणार नाही.

२०१७ चा फवारणीचा हंगाम या जिल्ह्याने विसरू नये. कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र त्याआधी दोन दशकांपासून चालू होते. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. हा क्रमांक कृषी केंद्राच्या भिंतीवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर असायला हवा. किती ठिकाणी आहे, हे वाचकांनीच जाऊन पाहावे.

जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून मराठीत एक यादी करावी. जिल्ह्याचे संकेतस्थळ आहेच, वेगळा खर्च फारसा नाही. केंद्र कोणत्या आजारावर काम करते, कोणती तपासणी तिथे होते, कोणत्या दिवशी जायचे, चिठ्ठी लागते का, पैसे लागतात का, एवढे पुरे. ‘संशोधन केंद्र’ म्हणून नाव घालायचे तर सीटीआरआयची नोंद किंवा नोंदणीकृत नीतिमत्ता समिती दाखवावी लागेल, अशी अट ठेवावी. मग पाट्या आपोआप गळतील. प्रत्येक नोंदीखाली ती शेवटची कधी तपासली ते लिहावे आणि एका अधिकाऱ्यावर त्याची जबाबदारी टाकावी, कारण बंद पडलेला फोन नंबर रुग्णाची एसटीची फेरी वाया घालवतो. जिथे मोबाइलला रेंज नाही त्या गावांसाठी तीच यादी छापून आशाताईंच्या पिशवीत द्यावी. पुढचा फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी एवढे होऊ शकते.