तलावातला गाळ कोणाचा?

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत वर्षाकाठी 1,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही धान निसवण्याच्या सुमारास पावसाने पंधरवडाभर ओढ दिली की बांध्यांना भेगा पडतात. येथील बरड जमीन पाणी धरीत नाही, आणि धानामागून धान घेतल्याने तिचा कसही उतरत चालला आहे. युरियाने पीक हिरवे दिसते. ओल धरण्याची शक्ती मात्र त्याने येत नाही.

ती शक्ती गावाच्या माथ्यावर पडून आहे. गोंड राजवटीत व पुढे मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलाव-बोड्यांत जंगलातला पालापाचोळा आणि बारीक माती वाहून येते. उन्हाळ्यात हा गाळ गाड्यांनी शेतात नेण्याची जुनी रीत होती. एकाच श्रमात तलाव खोल होई व शेत सकस.

मालगुजारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कुळांची पिळवणूक तीत होतीच. परंतु तलाव बुजला तर आपला वसूलही बुडेल, हे मालगुजार जाणून होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले. गावाकडे निस्ताराचा हक्क उरला, देखभालीचा अधिकार दूरच्या कचेरीत गेला. पाळी खचल्या, पोटात बेशरमाची झुडपे माजली. सरकारदप्तरी नाव उरले तेही मोठे मार्मिक: माजी मालगुजारी तलाव!

2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. 2023 पासून लहान शेतकऱ्याला गाळ नेण्यासाठी एकरी 15,000 रुपयांपर्यंत अनुदानही ठरले. हेतू स्तुत्य आहे. पण यंत्र एका उन्हाळ्यात येऊन जाते, गाळ दरसाल येतो. शिवाय गाळाचा गुण कित्येक हंगाम टिकतो. सालभराच्या ठेक्याने शेत करणारा दुसऱ्याच्या जमिनीत श्रम का ओतील? आणि वरची झाडी राखली नाही, तर पाल्याऐवजी मुरूमच वाहून येणार.

झाडी राखण्याचा अधिकार तर गावांना मिळू लागला आहे. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, नंतर गडचिरोलीतील शेकडो गावांना. अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवावे, असे 1996 चा पेसा कायदा सांगतो. मग जंगल ग्रामसभेचे आणि त्याच्या पायथ्याचा तलाव परक्या खात्याचा, ही वाटणी कशासाठी? जिल्हा परिषदांनी तलाव दुरुस्तीच्या निधीसह ग्रामसभांच्या हाती द्यावेत. आणि गाळ कोणी किती न्यावा, हे ठेक्याने कसणाऱ्याचा वाटा धरून, चैत्रातच गावाने ठरवावे.