गणितातले ५८ झाकू नका

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर आपलं महाराष्ट्र सदन आहे. त्याच रस्त्यावर ब्रिटिश कौन्सिल आणि अमेरिकन सेंटरही आहे. मुलांच्या शिक्षणासाठी इकडे आला असाल, तर दिल्ली, लंडन आणि अमेरिका सगळंच एकदम डोक्यात फिरू लागतं. जरा थांबा. आधी गुणपत्रिका बाहेर काढा.

समजा मुलीला इंग्रजीत ९४, इतिहासात ९५ आणि गणितात ५८ आहेत. लगेच गणिताची शिकवणी लावू नका. ते गणित कुणाला हवंय, ते आधी बघा.

दिल्ली विद्यापीठात २०२१ मध्ये काही कॉलेजांचा बारावीच्या गुणांचा कट-ऑफ १०० टक्क्यांपर्यंत गेला होता. २०२२ पासून तिथले पदवीचे बहुतेक प्रवेश सीयूईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. अर्थशास्त्र ऑनर्सला या परीक्षेत गणित द्यावंच लागतं. इतिहास ऑनर्सला लागत नाही. मग या मुलीचे ५८ तिथे आडवे येतील कसे?

विद्यापीठाचं माहितीपत्रक तुम्ही स्वतः वाचा. शेजारच्यांच्या मुलाने काय केलं, त्यावर जाऊ नका. बारावीला जे विषय घेतले, त्यांतलेच परीक्षेला निवडा. बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात, चुकीच्याला १ जातो. कच्च्या विषयात अंदाजपंचे खुणा केल्या की हे नुकसान हळूच वाढत जातं.

सगळीकडे असं चालत नाही. आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत यायला भौतिक, रसायन आणि गणित या प्रत्येकात किमान गुण लागतात. एकात फार मागे राहिलात तर बाकीचे दोन वाचवत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, म्हणून भौतिकाची उणीव थोडीफार भरून निघते. मुलगा तोच, गुणही तेच, पण हिशेब वेगळा.

इंग्लंडसाठी अभ्यासक्रम निवडा आणि त्याला कोणत्या विषयात किती गुण मागितलेत ते पाहा. एकंदर टक्केवारी बघून खूश होऊ नका. अमेरिकेतली कॉलेजं नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात. तिथे एक कच्चा विषय लपत नाही. लपवायचाही नाही.

गुण कमी पडल्याचं कारण खरं असेल तर अर्जात सरळ लिहा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजीतून विज्ञान, हे आपल्याकडे कितीतरी घरांत घडतं. दोन-तीन वाक्यांत सांगा. रडगाणं नको. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांनाही हे आधी सांगून ठेवा. पुढच्या परीक्षेत गुण सुधारले असतील तर तेही आवर्जून दाखवा.

गणितज्ञ रामानुजनचं उदाहरण कुणी दिलं तर हसून सोडून द्या. गणितापायी बाकीचे विषय बुडाले आणि कुंभकोणमच्या कॉलेजातली त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे केंब्रिजहून गणितज्ञ हार्डींचं बोलावणं आलं खरं, पण मधली वर्षं फार हलाखीत गेली. तुमच्या मुलाला तशी वर्षं कशाला?

आणि एक. कच्चा विषय जड जातोय की नकोच आहे, हे मुलीला विचारा. जड जात असेल तर शिकवणीचा उपयोग होईल. नकोच असेल, तर तो विषय लागणारा अभ्यासक्रम केवळ नाव मोठं आहे म्हणून तिच्या गळ्यात बांधू नका. हे बोलणं फी भरायच्या आधी करा.