प्रकल्प नेमका कोणाचा?

डिसेंबर उजाडला की नाताळच्या तयारीबरोबर आपल्या अनेक घरांत आणखी एक धावपळ सुरू होते. शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात ‘प्रकल्प’ सादर करण्याची तारीख जवळ आलेली असते आणि वही अजून कोरीच असते. मग स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते येतात, इंटरनेटवरील मजकूर छापून आणला जातो, आई मुखपृष्ठ सजवते, ताई सुवाच्य अक्षरात लिहून देते आणि वडील रात्री उशिरा स्पायरल बाइंडिंग करून आणतात. दुसऱ्या दिवशी वही जमा होते, गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. या साऱ्यात विद्यार्थ्याने स्वतः काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांला वाटते.

प्रकल्पाचे महत्त्व वाढतेच आहे

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा आग्रह धरला. पुढे आपल्या राज्यात अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आले आणि त्याबरोबर प्रकल्पही आला. २०२० साली आलेल्या बारावीच्या अभ्यासक्रमात वाणिज्य शाखेच्या अनेक विषयांसाठी ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण प्रकल्प वा तोंडी परीक्षेला ठेवण्यात आले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाठांतराचा भार कमी करून अनुभवातून शिकण्यावर भर दिला.

ही कल्पना परकी नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ मांडली, तेव्हा हाताने केलेले काम हाच शिक्षणाचा पाया मानला होता. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेतर्फे १९८१ पासून होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी व नववीचे विद्यार्थी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृती-संशोधन प्रकल्पही करतात. आपल्या धर्मग्रामांतील मुलेही या परीक्षांना बसतात.

परदेशातही हाच प्रवाह दिसतो. अमेरिकेतील अनेक हायस्कूलांत शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या विषयावर दीर्घ प्रकल्प पूर्ण करावा लागतो. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमात, जो मुंबई-पुण्यातील काही शाळांतही शिकवला जातो, विद्यार्थी जास्तीत जास्त ४,००० शब्दांचा प्रबंध लिहितो. त्यासाठी सुमारे ४० तासांचे काम अपेक्षित असते. या काळात मार्गदर्शक शिक्षकाबरोबर त्याच्या तीन औपचारिक बैठका होतात आणि शेवटची बैठक म्हणजे तोंडी मुलाखत असते. या पद्धतीतील महागडी फी आपल्याला परवडणार नाही. परंतु तीन बैठका आणि एक मुलाखत यांना पैसे लागत नाहीत.

चूक कोठे होते?

आमच्या मते पहिली चूक विषय निवडताना होते. ‘जलप्रदूषण’, ‘जागतिक तापमानवाढ’, ‘भारतीय बँका’ हे प्रकल्पाचे विषय नव्हेत; ती पाठ्यपुस्तकातील प्रकरणांची नावे आहेत. एवढ्या विस्तृत विषयावर सोळा वर्षांचा विद्यार्थी उतारे गोळा करण्यापलीकडे काय करणार? प्रकल्पाला प्रश्न हवा. आणि तो इतका लहान हवा की त्याचे उत्तर त्या मुलाला स्वतःच्या पायांनी चालत जाऊन शोधता यावे.

वसईच्या पट्टीतील एखाद्या गावाचे उदाहरण घेऊ. तेथील विद्यार्थिनीने प्रश्न घेतला : ‘पावसाळा संपल्यावर आमच्या आळीतील विहिरींचे पाणी किती दिवसांत मचूळ होऊ लागते, आणि खाडीजवळच्या विहिरी आधी मचूळ होतात काय?’ हा प्रश्न कोणत्याही तयार वहीत मिळणार नाही. त्याचे उत्तर शेजारच्या अंगणात आहे.

आता नियोजन पाहू. जूनमध्ये प्रश्न ठरवावा आणि शिक्षकांना दाखवावा. जुलै-ऑगस्टमध्ये आळीचा हाताने नकाशा काढून आठ-दहा विहिरी निवडाव्यात आणि घरमालकांची परवानगी घ्यावी. त्याच वेळी घरातील आजी-आजोबांना जुन्या दिवसांतील पाण्याबद्दल विचारून नोंदी कराव्यात. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे छोटे टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळते. चार मित्रांत किंवा शाळेत एक असले तरी पुरते. सप्टेंबरमध्ये एकदा चाचणी मोजणी करावी, कारण पहिल्या मोजणीत चुका होतातच. ऑक्टोबर ते डिसेंबर दर दुसऱ्या रविवारी, ठरलेल्या वेळी, प्रत्येक विहिरीचे पाणी मोजावे. भांडे आधी त्याच पाण्याने विसळावे आणि त्या दिवशी पंप चालला होता का, तेही लिहावे. जानेवारी आलेखासाठी आणि लेखनासाठी राखून ठेवावा.

पुढचे पाऊल म्हणजे आकड्यांचा अर्थ लावणे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. मात्र हे मीटर जंतूंविषयी काहीच सांगत नाही. म्हणून आकडा कमी आला तरी ‘पाणी शुद्ध आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. आपल्या साधनाला काय कळते आणि काय कळत नाही, हे ज्या मुलीला समजले, ती खूप काही शिकली असे म्हणावे लागेल. खाडीपासून दूरची एखादी विहीर आधी मचूळ झालेली आढळली, तर तो आकडा खोडू नये. तेथे उपसा अधिक होतो का, याची चौकशी करावी. अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर हे अपयश नव्हे. अनेकदा खरा प्रकल्प तेथूनच सुरू होतो.

आणि प्रकल्प पूर्ण होणे म्हणजे केवळ वही जमा होणे नव्हे. ज्या दहा घरांनी आपली विहीर मोजू दिली, त्यांच्या हाती तो आलेख परत गेला पाहिजे. आपण केलेले काम कोणाच्या तरी उपयोगी पडते, हा अनुभव मुलांना गुणपत्रिकेतून मिळत नाही.

नवे आव्हान

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि प्रकल्पाचा प्रश्न अधिक गंभीर बनला. पूर्वी नक्कल करण्यासाठी निदान कोणाची तरी वही मिळवावी लागे. आता मोबाइलवर एक वाक्य लिहिले की संपूर्ण प्रकल्प, निष्कर्षासह, मिनिटभरात तयार होतो. आणि न मोजलेले आकडेही बेमालूम मांडले जातात. बंदी घालून हे थांबेल असे आम्हांला वाटत नाही. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटनेही २०२३ साली अशा साधनांवर बंदी न घालता, वापर केला असल्यास तो उघडपणे नमूद करावा, अशी भूमिका घेतली.

आपल्या शाळांपुढे एक साधा उपाय आहे. अंतिम वहीपेक्षा रोजच्या नोंदवहीला अधिक गुण द्यावेत. तारखा, खाडाखोड, पावसात भिजलेले पान, ‘आज काकी घरी नव्हत्या, मोजणी राहिली’ अशी नोंद : हे कोणतेही यंत्र सहजासहजी उभे करू शकत नाही. शिवाय दहा मिनिटे समोर बसवून तीन प्रश्न विचारले, तरी काम कोणी केले ते लगेच कळते.

एका वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी असताना हे शिक्षकांना कसे जमेल, ही अडचण खरी आहे. अशा वेळी चार-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत आणि प्रत्येकाची जबाबदारी लिहून घ्यावी. आपल्या गावांत निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी, शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. महिन्यातून एक तास त्यांनी एका गटाला दिला, तर शिक्षकांचा भार निश्चितच हलका होईल.

पालकांनी काय करावे?

पालकवर्गाला आमचे नम्र सांगणे आहे की, आपण मुलांचे वाहनचालक व्हावे, लेखनिक होऊ नये. विहिरीपर्यंत सोडा, शेजाऱ्यांशी ओळख करून द्या, दर पंधरा दिवसांनी ‘या वेळी काय आढळले?’ एवढेच विचारा. मात्र वाक्य सुचवू नका आणि चित्र चिकटवू नका. मुलाची वही ओबडधोबड दिसेल, कदाचित शेजारच्या मुलापेक्षा दोन गुण कमी मिळतील. ते सोसण्याची तयारी आपली हवी.

कारण घरच्यांनी रात्र जागवून केलेल्या प्रकल्पातून मुलाला एकच धडा मिळतो : दुसऱ्याचे काम स्वतःच्या नावावर खपवता येते आणि वडीलधाऱ्यांची त्याला संमती असते. हा धडा पुढे महाविद्यालयात, नोकरीत आणि सार्वजनिक जीवनातही त्याच्यासोबत जातो. भ्रष्टाचाराविरुद्ध आपण तळमळीने बोलतो. पण त्याची पहिली सवय आपल्याच जेवणाच्या टेबलावर तर लागत नाही ना, याचा विचार व्हायला हवा. येत्या जूनमध्ये नवी वही हाती येईल, तेव्हा तिचे पहिले पान मुलानेच लिहावे.