मोबाइलवरची 'सीएमई' : तास भरले, शिकणे झाले का?

करमाळ्याच्या डॉक्टरला सोलापुरात व्याख्यानाला यायचे, तर शंभरहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि दिवसभर ओपीडी बंद. त्यापेक्षा रात्री मोबाइलवर वेबिनार लावणे सोपे. सोय चांगलीच आहे. पण त्यातून रुग्णाच्या पदरात काय पडते?

नियम काय?
भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास 'सीएमई', म्हणजे पदवीनंतरचे शिक्षण, घ्यायचे असते. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद त्याचे क्रेडिट पॉइंट पाहते. हिशेब केला तर महिन्याला जेमतेम अर्धा तास! इतका थोडा वेळ वेबिनार सुरू ठेवून पेशंट तपासण्यात गेला, तर प्रमाणपत्र तेवढे मिळेल.

कशासाठी काय निवडावे?
औषधाचा बदललेला डोस, नवी मार्गदर्शक तत्त्वे यांसाठी रेकॉर्ड केलेले व्याख्यान पुरते. थांबवून पुन्हा ऐकता येते. शेवटी प्रश्न सोडवायला लावणारे असेल तर उत्तमच.

मात्र डेंगीच्या कोणत्या रुग्णाला इथेच ठेवायचे आणि कोणाला लगेच पुढे पाठवायचे, हे स्लाइड पाहून कळत नाही. त्यासाठी चर्चा हवी, तीही स्वतःच्या रुग्णावर. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'इको' हा उपक्रम नेमका यासाठी सुरू केला. हेपटायटिस-सीचे रुग्ण खेड्यातले, तज्ज्ञ शहरात. मग खेड्यातल्या डॉक्टरांनी व्हिडिओवर आपली केस मांडायची, तज्ज्ञांनी मार्गदर्शन करायचे आणि उपचार गावातच व्हायचे. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांमधील विषाणू हटला, तर 'इको'च्या केंद्रांवर ५८.२ टक्के. गावचा डॉक्टर कुठेही कमी पडला नाही.

आपल्याकडे हे अवघड नाही. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली बरी न होणारी जखम सांगोल्याच्या डॉक्टरने वेळेत ओळखली, तर एक जीव वाचू शकतो. आठवड्यातून ठरलेला एक तास, दहा-पंधरा डॉक्टर आणि रुग्णाचे नाव-चेहरा झाकून मांडलेल्या दोन केसेस. एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. महाविद्यालयाने आणि 'आयएमए'च्या शाखांनी हे मनावर घ्यावे. शंभर जणांच्या वेबिनारपेक्षा यात गर्दी कमी दिसेल, दिसू द्यावी.

हाताचे काम मात्र हातानेच शिकावे लागते. हृदय बंद पडल्यावर छाती किती जोराने दाबायची, श्वासनलिकेत नळी कशी घालायची, हे पुतळ्यावर सराव केल्याशिवाय येत नाही. त्यासाठी एक दिवस ओपीडी बंद ठेवून सोलापूर गाठावेच.

खर्च कोणाचा?
बहुतेक फुकट वेबिनार कोणाच्या पैशावर चालतात, हेही पाहायला हवे. औषध कंपन्यांच्या प्रायोजकत्वातील शैक्षणिक कार्यक्रमांना डॉक्टरांनी जाऊ नये, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला आणि त्याच महिन्यात त्या नियमावलीला स्थगितीही दिली. तोवर निर्णय डॉक्टरांच्याच हाती आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एका गोळीचे नाव झळकत असेल, तर तिच्याहून स्वस्त गोळीचा उल्लेख व्याख्यानात झाला का, हे वक्त्याला तिथेच विचारावे.